कोरोना पुण्यातही मिळते, तिकडे गेलात तर हे प्या

मेक्सिकोहून परत येऊन चार महिने झाले तरी अजून कोणीतरी विचारतंच, "काय मग, कोरोना प्यायलीस की नाही?" आणि वर स्वतःच खो खो हसतं. हो बाबांनो, प्यायले ती बिअर. दोनदा. एकदा एअरपोर्टवर आणि एकदा समुद्रावर, तिथे दुसरं काहीच थंड नव्हतं म्हणून. आठ महिने ग्वादालाहाराला होते मी ऑफिसच्या प्रोजेक्टवर (तिथे आयटीवाले भारतीय बरेच आहेत, एका रविवारी मॉलमध्ये मागून "अगं थांब की जरा" ऐकू आलं आणि मी थांबले, मला नव्हतंच ते), आणि सुट्टी मिळाली की बॅग उचलून कुठे ना कुठे जायचे, हॉस्टेलांत राहायचे, तिथे जगभरातली पोरं भेटायची आणि सगळ्यांचा विषय फिरून फिरून तोच, तू काय काय प्यायलीस.

आता परवा मामेभाऊ म्हणाला की तो डिसेंबरला चाललाय, जरा लिस्ट पाठव. लिस्ट काही मला जमत नाही, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात बिअरपासूनच करू कारण सगळे तिथूनच करतात. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात बिअर आणायला गेले तर मावशींनी मोठी बाटली दाखवून काहीतरी विचारलं, मला कळेना, शेवटी त्यांनी रिकामी बाटली हातात घेऊन हलवून दाखवली. म्हणजे रिकामी बाटली आणलीस का? नसेल तर तिचे वेगळे पैसे. आपल्याकडे सोड्याच्या बाटल्या परत द्यायच्या ना, डिट्टो तसं. त्या मोठ्या बाटलीला म्हणतात काग्वामा, 940 मिलीची, आणि काग्वामा म्हणजे खरं तर समुद्री कासव. एक कासव आणायचं आणि तीन-चार जणांत छोट्या ग्लासांत वाटून प्यायचं, गच्चीवर, गप्पा मारत, ह्यात जी मजा आहे ती बीचवरच्या बारमध्ये नाही. आणि बिअरला साध्या बोलीत म्हणतात चेला. टीममधल्या एका पोरीने पहिल्यांदा "चेला?" असं विचारलं तेव्हा मला इतकं हसू आलं की तिला समजावून सांगावं लागलं, आमच्याकडे चेला म्हणजे शिष्य. त्यानंतर ऑफिसमध्ये शुक्रवारी संध्याकाळी "गुरू कुठेय?" असं विचारायची पद्धतच पडली.

बिअर कोणती, तर माझं मत विचाराल तर काळपट-तांबूस घ्या. विक्तोरिया, नेग्रा मोदेलो, आणि फिकटातली हवी असेल तर बोहेमिया. ह्याच्यामागे एक भारी गोष्ट आहे. 1841 मध्ये व्हिएन्नात आंतोन ड्रेहर नावाच्या माणसाने तांबूस रंगाची लागर (बिअरचाच एक प्रकार) काढली, ती युरोपात गाजली आणि नंतर फिकट पिवळ्या बिअरच्या लाटेत तिकडे जवळजवळ संपलीच. पण एकोणिसाव्या शतकात जर्मन, ऑस्ट्रियन, स्विस लोक मेक्सिकोत येऊन भट्ट्या लावून बसले होते, त्यांनी ती इकडे चालू ठेवली, आणि आज विक्तोरिया पिताना तुम्ही एका अर्थी जुनं व्हिएन्ना पिताय. हॉस्टेलमध्ये एक ऑस्ट्रियन मुलगा होता त्याला हे मी सांगितलं तर तो आधी मानायलाच तयार नव्हता, मग फोनवर बघून गप्प बसला आणि पुढची बाटली त्याने आणली. दोस एकीसचं पण असंच, 1897 ला एका जर्मन माणसाने सुरू केली, विसावं शतक येऊ घातलं होतं म्हणून नाव ठेवलं "सिग्लो वेइंते", विसावं शतक, आणि रोमन आकड्यातले दोन एक्स राहिले ते आजचं नाव, दोस एकीस म्हणजे दोन एक्स. पॅसिफिकच्या बाजूला माझात्लानची पासिफिको सर्फिंगवाली गोरी पोरं पाण्यासारखी पितात, ठीक आहे, हलकी आहे, माशाबरोबर चालते. युकातानला गेलात तर मोंतेखो बघा. बाकी नावं शंभर दिसली तरी बहुतेक सगळं दोन मोठ्या घराण्यांचं आहे आणि ती दोन्ही आता परदेशी मालकांकडे गेलीत, एक 2010 ला हायनेकेनकडे आणि कोरोनावालं 2013 ला एबी इनबेवकडे, त्यामुळे "लोकल पिऊया" म्हणताना जरा जपून.

कोरोनाची बाटली पारदर्शक असते हे दिसायला छान पण बिअरला वाईट, उजेड लागला की बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्समधल्या द्रव्यांचा एक विचित्र वास सुटतो, म्हणून दुकानदाराने उन्हात मांडून ठेवलेला क्रेट दिसला तर पुढे चला.

मिचेलादाबद्दल मात्र मला भांडायचंय. कल्पना चांगली आहे, ग्लासच्या कडेला मीठ-तिखट, आत लिंबू पिळून बर्फ आणि बिअर, आपल्या मसाला सोड्याचीच बहीण. एवढंच असेल तर पुष्कळ ठिकाणी तिला चेलादा म्हणतात आणि उन्हाळ्यात ती खरंच अमृत आहे. पण मिचेलादा म्हटलं की त्यात वूस्टर सॉस, मॅगीचं ते काळं सॉस (हो, आपली मॅगीच, तिकडे नूडल्सपेक्षा बाटलीच जास्त दिसते), झणझणीत सॉस, आणि पुष्कळ ठिकाणी क्लामातो, म्हणजे टोमॅटोच्या रसात शिंपल्यांचा अर्क. मी मालवणची आहे, तिसऱ्या माझ्या जीव की प्राण, पण तिसऱ्यांचं पाणी बिअरमध्ये? नको गं बाई. गंमत म्हणजे शहर बदललं की नावं पण उलटीपालटी होतात, एकीकडची चेलादा दुसरीकडे मिचेलादा, तेव्हा ऑर्डर देताना आत काय काय घालणार ते विचारून घ्या.

इथपर्यंत सगळे येतात. बिअर, टकीला, मार्गारिटा, फोटो, झालं मेक्सिको. मला जे खरं सांगायचंय ते ह्याच्या पुढचं आहे, कारण बाटलीत भरून जे विमानात चढतं ते तुम्हाला कोरेगाव पार्कात पण मिळेल, दुप्पट पैसे देऊन. जे बाटलीत टिकतच नाही त्यासाठी तिकडे जावं लागतं.

उदाहरणार्थ तेहुइनो. ग्वादालाहारात हातगाडीवर मिळतं, दुपारी उन्हात गाडीवाला मोठ्या भांड्यातून जाडसर तपकिरी काहीतरी ओतताना दिसतो. मक्याच्या पिठाची पेज शिजवायची, त्यात पिलोन्सियो, म्हणजे शंकूच्या आकाराचा गूळच तो, घालायचा आणि एक-दोन दिवस आंबू द्यायचं. देताना त्यात लिंबू, चांगलं चमचाभर मीठ आणि वर लिंबाच्या बर्फाचा गोळा. पहिला घोट घेतला आणि मी तिथेच फुटपाथवर उभी राहून म्हटलं, अरे हे तर आंबील! नाचणीच्या जागी मका आणि ताकाच्या जागी लिंबू, पण ती जी आंबटसर, किंचित फसफसणारी, पोटाला थंड करणारी चव आहे ना, तीच. आजी उन्हाळ्यात करायची आणि आम्ही नाक मुरडायचो, आणि इथे मी पेसो मोजून रांगेत उभी. चढत वगैरे काही नाही हो, आंबणं अगदी नावापुरतं असतं. बरोबरची गोरी पोरं मात्र पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतात, गोड-आंबट-खारट सगळं एकदम आणि वर घट्ट, त्यांना ते झेपत नाही. मराठी माणसाला झेपतं. उत्तरेला चिवावाच्या डोंगरात रारामुरी लोक ह्याचीच थोरली भावंडं म्हणावी अशी मक्याची बिअर करतात, तेस्गुइनो, गावातलं शेतीचं काम सगळ्यांनी मिळून केलं की मोबदला म्हणून ती प्यायची. तिकडे माझं जाणं झालं नाही.

आणि आता तूबा. हे मला अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो, हसू नका.

एका लाँग वीकेंडला कोलीमाला गेले होते, ग्वादालाहाराहून बसने तीन तास, छोटंसं शांत शहर, मागे ज्वालामुखी. बागेत बसले होते तर एक काका आले, खांद्यावर आडवी काठी, काठीला दोन्ही बाजूंना भलेमोठे सुकवलेले भोपळे लटकवलेले आणि भोपळ्याच्या तोंडाला मक्याच्या कणसाचं बूच. ग्लासात पांढुरकं काहीतरी ओतलं, वर शेंगदाणे आणि सफरचंदाचे तुकडे टाकले. मी वास घेतला आणि मला कळलं. माडी! आमच्या मालवणच्या घरामागे जे माड होते त्यावर रोज सकाळी एक काका चढायचे, पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, कापायचे, मडकं बांधायचे, आणि उतरले की ताजी गोड माडी बाबांसाठी तांब्याभर आणि माझ्यासाठी वाटीभर. तोच वास. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, एका माणसाच्या खांद्यावर, भोपळ्यात. गोव्यातले रेंदेर, म्हणजे माडावर चढणारे, पण सूर, म्हणजे माडीच, आणायला सुकवलेला दुधीच वापरायचे.

मी काकांना मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगत होते की हे आमच्याकडे पण आहे, माझ्या घरी आहे, ते आपले हसून मान हलवत होते, त्यांना वाटलं असेल ही बाई पिऊन आलीय. मग रात्री वाचलं. 1565 पासून 1815 पर्यंत स्पेनची गलबतं फिलिपिन्समधल्या मनिलाहून आकापुल्कोला यायची, त्या गलबतांवर फिलिपिनो खलाशी असायचे, त्यातले बरेच किनाऱ्यावर उतरून तिथेच राहिले, आणि माडाची पोय कापून रस काढायची विद्या त्यांनी बरोबर आणली. तूबा हा शब्दच मुळी फिलिपिन्सचा. नंतर ते लोक त्याची दारू पण गाळायला लागले आणि ती इतकी खपायला लागली की सतराव्या शतकात स्पॅनिश सरकारने त्यावर बंदी घातली, कारण स्पेनहून येणाऱ्या दारूला गिऱ्हाईक कमी पडत होतं. सरकार कुठलंही असो, माडावर चढणाऱ्या माणसाच्या मागे लागतंच.

तूबा सकाळी गोड, दुपारी आंबट आणि दुसऱ्या दिवशी व्हिनेगर. कोलीमात ते व्हिनेगर पण विकतात, जसं गोव्यात माडाचं व्हिनेगर वापरतात. आता ही तूबा ग्वादालाहारापर्यंत तरी कशी आणणार? बीट घालून गुलाबी केलेली पण मिळते, ती फोटोला छान, पण पहिल्यांदा पांढरीच प्या. पुएर्तो वायार्तात समुद्रावर फिरणारे तूबावाले पण दिसतात, तेव्हा बीचवाल्यांना पण निमित्त नाही.

पुल्केचं प्रकरण अजून वेगळं. ते कशापासून बनतं तर मागेय, म्हणजे आपलं घायपात. हो तेच, बांधावर कुंपणाला लावतात ते काटेरी, ज्याच्या पात्यांचे दोर वळतात. ते सगळं घराणं मूळचं तिकडचंच आहे, आपल्याकडे पाहुणं म्हणून आलं आणि राहिलं. आपण त्याचे दोर केले आणि तिकडच्यांनी त्यातून देवी शोधली, मायावेल, चारशे स्तनांची, आणि तिची पोरं म्हणजे चारशे ससे, नशेचे देव सगळे, किती चढली ते सशांत मोजायचं. झाड आठ-दहा-बारा वर्षांचं झालं आणि फुलाचा दांडा फुटायच्या बेताला आला की मधला गाभा कापून खळगा करतात, त्यात गोड रस साचतो, आग्वामिएल. तो काढणाऱ्या माणसाला म्हणतात त्लाचिकेरो, तो दिवसातून दोनदा येतो, लांबुळक्या भोपळ्याची नळी खळग्यात घालून तोंडाने रस ओढून घेतो आणि खळगा पुन्हा खरवडून ठेवतो. काही महिने असं चालतं आणि मग झाड मरतं. दहा वर्षं वाढवायचं आणि काही महिने प्यायचं.

तो रस आंबला की पुल्के. पांढरं, घट्टसर, आणि खरं सांगायचं तर बुळबुळीत, भेंडी चिरल्यावर सुरीला तार येते ना तशी तार. पहिला ग्लास मी मेक्सिको सिटीत आरांदा नावाच्या रस्त्यावर "लास दुएलिस्तास" मध्ये घेतला, भिंतीभर रंगीबेरंगी आस्तेक देवदेवता, कानठळ्या बसवणारं गाणं, आणि शेजारी सत्तरीचे आजोबा आणि नाकात रिंग घातलेली कॉलेजची पोरं एकाच बाकावर. साधं पुल्के मला जड गेलं. मग "कुरादो" घेतलं, म्हणजे फळ घालून केलेलं, पेरूचं. ते आवडलं. ओट्सचं पण घेतलं, ते तर खीरच. जुने लोक म्हणतात पुल्केला मटण व्हायला एकच पायरी कमी पडली, इतकं पौष्टिक.

एके काळी हे आख्खं शहर पुल्केवर चालायचं, इदाल्गो आणि त्लास्कालाकडून रेल्वेने पिंपंच्या पिंपं यायची. मग विसाव्या शतकात बिअरवाले आले, त्यांनी आमचं कसं स्वच्छ, आधुनिक, आणि पुल्के कसं घाणेरडं असा प्रचार चालवला, लोकांत अशीही कंडी पिकली की आंबवायला फडक्यात शेण बांधून आत सोडतात. झालं, चांगल्या घरातले लोक पुल्के प्यायचे बंद झाले. माडीचं आपल्याकडे जे झालं त्याच्याशी ताडून बघा. आता कॉलेजच्या पोरांमुळे ते जरा परत आलंय.

ह्या पुल्केपायी माझी एक फजिती झाली ती सांगते. शहाणपणा करून पेरूच्या कुरादोची लिटरभर बाटली घेतली, बूच घट्ट लावलं आणि रात्रीच्या बसने ग्वादालाहाराला निघाले, म्हटलं टीमला पाजू. पुल्के आंबायचं थांबत नाही हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला वरच्या कप्प्यातून फाट्कन आवाज आला आणि माझ्या पुढच्या सीटवरच्या काकूंच्या शालीवर पेरूचा पाऊस. काकूंनी वर बघितलं, शालीचा वास घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "पेरूचं?" पुढचे तीन तास आख्खी बस त्याच वासात. मी ती शाल धुवायला मागत होते पण त्यांनी दिली नाही.

टकीलाबद्दल थोडक्यात. टकीला हे गाव ग्वादालाहाराहून साठेक किलोमीटरवर, निळ्या घायपातीची शेतं डोळे दिपवतात, तो सगळा परिसर 2006 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. बाटलीवर "100% अगावे", म्हणजे निव्वळ घायपात, लिहिलेलं असेल तरच घ्या, नाहीतर जवळजवळ अर्धी साखर दुसऱ्या कशाची तरी असू शकते, आणि दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीचं खापर लोक मग मेक्सिकोवर फोडतात. मीठ-लिंबू-गटकन हा प्रकार चांगल्या टकीलाशी करू नका. तिकडची घरची माणसं हळूहळू घोट घेतात, किंवा सरळ ग्रेपफ्रूटच्या सोड्यात घालून पालोमा करतात, मार्गारिटापेक्षा मला ती शंभर पटीने आवडली. आणि हो, टकीलात अळी नसते. अळी काही मेस्कलच्या, म्हणजे घायपातीच्याच दुसऱ्या दारूच्या, बाटल्यांत असते, आणि ती पण बरीचशी गिऱ्हाइकाला भुलवायला.

मेस्कलसाठी वाहाका. तिथे सांतियागो मातात्लान गावाजवळ एका पालेंकेत, म्हणजे मेस्कलच्या भट्टीवर, गेलो होतो. जमिनीत खड्डा, त्यात तापलेले दगड, त्यावर घायपातीचे गाभे रचून मातीने झाकून दिवसेंदिवस भाजत ठेवायचे, मग घोडा दगडी चाक फिरवून ते ठेचतो. धुराची चव इथून येते. तेपेस्ताते नावाच्या एका जातीला तर तयार व्हायला पंचवीस-पंचवीस वर्षं लागतात, म्हणजे जे झाड मी प्यायले ते मी शाळेत असताना रुजलेलं. बरोबर संत्र्याची फोड आणि तिखट-मीठ, त्या मिठात वाळवलेल्या अळ्या कुटलेल्या असतात, मी आधी खाल्लं आणि नंतर मला सांगितलं. वाईट झालं तर मेस्कल आणि चांगलं झालं तरी मेस्कल, अशी तिकडे म्हणच आहे. सकाळी उतारा म्हणून बाजारात तेहाते प्या, मका आणि कोकोचं, मोठ्या परातवजा भांड्यात बायका कोपरापर्यंत हात घालून घुसळतात आणि वर फेसाचा जाड थर येतो. त्यात दारूचा थेंब नाही.

येताना कस्टम्सची दोन लिटरची मर्यादा असते त्यात दोन बाटल्या मेस्कल आणली. बाबांनी एक घोट घेतला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ह्याला होळीचा वास येतो." दुसरी बाटली त्यांनी कपाटात ठेवलीय आणि किल्ली आईकडे आहे.

घरी करण्यासारखं एकच आहे, तेपाचे. अननसाची सालं (धुऊन घ्या), पाव किलोच्या आसपास गूळ, दालचिनीचा तुकडा, दोन लिटर पाणी, बरणीवर फडकं बांधून दोन-तीन दिवस ओट्यावर. पुण्याच्या उन्हाळ्यात दोनच दिवस पुरे, वर फेस आला की गाळून फ्रिजमध्ये, आणि बूच सैल ठेवा, मी बसमध्ये शिकलेय. पहिल्यांदा केलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं हे काय, मी म्हटलं अननसाच्या सालींचं सरबत. सासूबाई पक्क्या माळकरी. दोन ग्लास प्यायल्या, तिसरा अर्धा घेतला आणि म्हणाल्या, "सालं आता टाकत जाऊ नकोस." आंबवलेलं असतं हे त्यांना कसं सांगावं ह्यावर नवऱ्याचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.